विसावी गोळी जाते कुठे?

गेल्या अंकात रीलोडिंग प्रेसवर (घरी गोळ्या बनवायच्या यंत्रावर) लिहिलं तर त्यावर फार पत्रं नाही आली, पण शेवटी सहज एक ओळ टाकली होती की मॅगझीनच्या (पिस्तुलात गोळ्या भरून लावायची डबी, थोडक्यात मॅग) तक्रारी असतील तर कळवा, आणि मग इनबॉक्स भरला. (एका काकूंनी कळवलं की त्यांचं मॅगझीन दोन महिने आलंच नाहीये, वर्गणी भरली आहे. काकू, तुमचं पत्र ऑफिसला पाठवलंय, ते खातं माझं नाही.) बाकीच्यातले चार प्रश्न घेतोय. पहिल्यालाच जास्त जागा देतो कारण निम्म्या लोकांचं दुखणं तेच आहे.

प्रश्न : दादा नमस्कार. डॅलसजवळ राहतो, वर्षभर यूएसपीएसए मॅचेस (अमेरिकेतलं घड्याळावरचं धावपळीचं पिस्तूल शूटिंग) खेळतोय, लिमिटेड डिव्हिजन म्हणजे गटात. २०११ टाइपचं (हे वर्ष नाही, मॉडेलचं नाव) .४० बोअरचं पिस्तूल सेकंडहँड घेतलं, सोबत तीन १४० एमएम लांब मॅगझीन आली, विकणारा म्हणाला तिन्हीत वीस-वीस जातात. पहिल्यात वीस जातात पण स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) बंद असताना मॅग आत बसतच नाही, खालून थापट्या मारून हात लाल होतो. दुसऱ्यात एकोणीस झाल्या की पुढे दगड. तिसऱ्यात वीस जातात, मस्त बसते, पण शेवटच्या एक-दोन गोळ्यांना हमखास जॅम. मला फसवलं का? आणि सगळं फेकून नवीन घेऊ का, एकेक मॅग ट्यून केलेली घ्यायची म्हणजे शंभर डॉलरच्या पुढे जातंय.

उत्तर : फसवलं नाही रे, विकणारा खोटं पण बोलला नाही आणि पूर्ण खरं पण बोलला नाही. "वीस जातात" ह्या वाक्याचे तीन अर्थ आहेत आणि तुझ्या तीन मॅगनी तुला तिन्ही शिकवले. वीस कोंबता येणं वेगळं, वीस भरलेली मॅग बंद स्लाइडखाली बसणं वेगळं, आणि त्या वीसच्या वीस बाहेर येऊन चेंबरमध्ये (नळीत गोळी उडायच्या जागी) जाणं अजून वेगळं. मी कपॅसिटी फक्त तिसऱ्यालाच म्हणतो. भारतात जाताना बॅगेवर बसून चेन लावतो ना आपण, लागते चेन, पण एअरपोर्टवर वजनकाट्यासमोर ती उघडायला लागली की परत लागत नाही, तसं आहे हे.

पहिली मॅग आधी घेऊ. वीस भरल्यावर सगळ्यात वरच्या गोळीवर अंगठा ठेवून खाली दाब. थोडी दबली पाहिजे, दोन-तीन मिलिमीटर तरी. अजिबात हलत नसेल तर ती मॅग बंद स्लाइडखाली बसणारच नाही, कारण स्लाइड पुढे असली की तिच्या पोटाखालची पट्टी वरच्या गोळीला जरा खाली ढकलते, आणि तुझ्याकडे ढकलायला जागाच उरली नाही. स्लाइड मागे लॉक करून लावलीस तर बसेल, म्हणून विकणाऱ्याला ती "बरोबर" वाटली असणार. पण मॅचमध्ये "मेक रेडी" म्हटलं की तू काय करतोस, बार्नी मॅगनी (फक्त पहिली गोळी आत घालायला ठेवलेली जादा मॅग) एक गोळी चेंबर करतोस, ती मॅग काढतोस आणि भरलेली लावतोस, म्हणजे स्लाइड बंदच असते. रीलोडला, म्हणजे मधे मॅग बदलताना, पण बंदच, कारण पिस्तूल रिकामं होईपर्यंत थांबत नाही कोणी. म्हणजे ज्या परिस्थितीत मॅग वापरायची तिथे ती एकोणीसचीच आहे. आणि अर्धवट बसलेली मॅग फार वाईट, पहिला शॉट उडतो (तो चेंबरमधला असतो), मॅग टपकन पायाशी पडते, घड्याळ चालू.

दुसरी, एकोणीसनंतर दगड. इथे साधारण चारच संशयित असतात. स्प्रिंग, फॉलोअर (स्प्रिंगवर बसून गोळ्या वर ढकलतो तो), बेसपॅड (खालचं झाकण), ट्यूब (बाहेरची नळी). एक काम कर, रविवारी टेबलावर जुना टॉवेल पसर, डोळ्याला चष्मा लाव (स्प्रिंग उडते, माझ्या पंख्याला लागली होती एकदा), आणि तिन्ही मॅग खोलून भाग शेजारी-शेजारी ठेव, पण भेसळ होऊ देऊ नकोस. ट्यूबवर पर्मनंट मार्करनी १-२-३ लिही. खरं म्हणजे हे घेतल्या दिवशीच करायचं असतं, ज्याच्या मॅगवर नंबर नाही त्याला कुठली मॅग आजारी आहे हेच कळत नाही आणि मग तो पिस्तुलाला शिव्या घालतो.

आता स्प्रिंगची वेटोळी मोज. पूर्ण दाबली की वेटोळं वेटोळ्यावर बसतं आणि स्प्रिंगचा घन ठोकळा होतो, त्याच्या खाली ती जाऊच शकत नाही, तुझा "दगड" बहुतेक तोच आहे. ह्या स्प्रिंगची तार साधारण सव्वा मिलिमीटर जाड, म्हणजे एक वेटोळं जास्त असेल तर सव्वा मिलिमीटर जागा गेली. आणि डबल स्टॅक मॅगमध्ये गोळ्या नागमोडी बसतात त्यामुळे एक गोळी वाढली की उंची ढोबळमानाने पाच-सहा मिलिमीटर वाढते. आता हिशोब कर. एक वेटोळं कापून एक अख्खी गोळी मिळत नाही! इंटरनेटवर सगळे सांगतात कॉइल काप कॉइल काप, पण कॉइल कापण्याचा फायदा फक्त तेव्हा जेव्हा तू एखाद मिलिमीटरनी अडलायस, म्हणजे तुझी पहिली मॅग. दुसरीत बाकी कारण शोधावं लागेल.

ते कारण बरेचदा फॉलोअर किंवा बेसपॅड असतं. फॉलोअर बाजूला ठेवून बघ, एकाचे पाय दुसऱ्यापेक्षा लांब आहेत का, काही फॉलोअर असे असतात की स्प्रिंग त्यांच्या पोटात शिरते आणि काहींच्या खाली टेकते, तेवढ्यानेच जागा जाते. बेसपॅड बाहेरून सारखे दिसतात पण आतून कोरलेली खोली वेगळी असते, एकाच्या आत स्प्रिंगचं टोक बसायला खड्डा, दुसऱ्यात सपाट प्लेट. सेकंडहँड मॅगमध्ये एका कंपनीचा बेसपॅड, दुसऱ्याची स्प्रिंग, तिसऱ्याचा फॉलोअर असा खिचडी संसार असतोच. मग एका वेळी एकच भाग बदल. चांगल्या मॅगचा फॉलोअर हिच्यात, वीस जातात का बघ. नाही गेल्या तर परत जागेवर, आता बेसपॅड. दोन गोष्टी एकदम बदललीस तर काय लागू पडलं ते कळणार नाही. स्प्रिंग उलटी तर नाही ना बसवली तेही बघ, वरचं टोक आणि खालचं टोक वेगळं असतं, हसू नकोस, मी पाहिलंय.

ट्यूब शेवटी. भरलेली मॅग काँक्रीटवर पडली की दोन गोष्टी होतात, वरचे ओठ म्हणजे फीड लिप्स फाकतात, नाहीतर ट्यूब पोटाशी फुगते. फुगलेल्या ट्यूबमध्ये गोळ्यांची नागमोडी ओळ बिघडते, दोन गोळ्या शेजारी-शेजारी घुसायला बघतात आणि मधेच अडकतात. फॉलोअर एकटा ट्यूबमध्ये टाकून उलटसुलट कर, आपल्या वजनानी खडखड करत खाली-वर गेला पाहिजे. कुठे घासतो तिथे बोट ठेव. लिप्ससाठी कॅलिपर घे, जी मॅग नीट चालते तिचं माप पुढे आणि मागे घे, आणि बाकीच्यांशी ताडून बघ. कोणाचे तरी आकडे पाठ करण्यापेक्षा तुझ्या चालणाऱ्या मॅगचा आकडा हा तुझा आकडा. अजून एक, ट्यूबच्या आत तेल अजिबात नको. टेक्सासमधली ती बारीक धूळ, रीलोडला मॅग खाली टाकतोच आपण, तेलात धूळ बसली की आत पीठ मळलं जातं. कोरडा ब्रश आणि फडकं, बास.

तिसरी मॅग म्हणजे माझी जुनी ओळख आहे. वीस जातात, बसते, आणि शेवटी जॅम, म्हणजे कोणीतरी आधीच स्प्रिंग कापलीये आणि हावरटपणे कापलीये. बघ, खालचं टोक पक्कडीनी वाकवल्यासारखं असेल. स्प्रिंग कापली की सगळा ताण कमी होतो, मॅग भरलेली असताना कळत नाही कारण तेव्हा ती खच्चून दाबलेली असते, पण शेवटच्या दोन गोळ्या उरल्या की ती जवळजवळ मोकळी होते, आणि गोळी वर यायच्या आत स्लाइड पुढे धावते. गोळी नाक खाली करून अडकते नाहीतर स्लाइड तिच्या वरून निघून जाते आणि रिकामी क्लिक. मी हे स्वतः केलंय. दोन वेटोळी कापली, वीस झाल्या, फार खूष, पुढच्याच शनिवारी मॅचमध्ये शेवटच्या प्लेट रॅकवर (स्टीलच्या थाळ्यांच्या ओळीवर) क्लिक. टॅप-रॅक केलं (मॅगला खालून थाप, स्लाइड मागे ओढ), परत क्लिक. चारेक सेकंद गेले. आणि आपल्या खेळात पिस्तूल बिघडलं तर री-शूट नाही मिळत, तुझी बंदूक तुझं नशीब. घरी आलो, नवीन स्प्रिंग मागवली, त्या कापलेल्या स्प्रिंगचा आता बायकोनी पेन स्टँड केलाय. तुझ्या तिसऱ्या मॅगचा इलाज नवीन स्प्रिंग, दहा-पंधरा डॉलर, बाकी काही नाही.

तू गोळ्या घरी स्वतः लोड करतोस, म्हणजे बनवतोस, का ते लिहिलं नाहीस. करत असशील तर राउंडची म्हणजे अख्ख्या गोळीची लांबी पण बघ. .४० ची फॅक्टरी कमाल लांबी १.१३५ इंच, पण २०११ चं मॅग मुळात .४५ आणि .३८ सुपरसारख्या लांब गोळ्यांच्या घराण्यातलं, त्यामुळे लिमिटेडवाले १.१८ ते १.२० च्या आसपास लोड करतात. तोकडी गोळी ट्यूबमध्ये पुढे-मागे सरकते, रीकॉइलला नाक खाली घालते, आणि एक तिरकी झाली की वरच्या सगळ्या तिरक्या. लांबी वाढवायच्या आधी तुझ्या बॅरलमध्ये ती बसते का आणि पावडरचा हिशोब ह्याच्यावर गेल्या अंकात लिहिलंय तो भाग वाच, सरळ लांबवत सुटू नकोस.

आणि हे सगळं कुठे करायचं? घरी फक्त डमी राउंडनी (न उडणाऱ्या खोट्या गोळ्यांनी), खऱ्या गोळ्या त्या खोलीत पण नकोत. मॅचला गेल्यावर सेफ एरियात (पिस्तूल हाताळायची ठरलेली जागा) तर डमी सुद्धा हाताळायची नाही, तिथे अॅम्युनिशनला हात लावला की डीक्यू म्हणजे मॅचमधून बाद, डमी होती म्हणून कोणी सोडत नाही. एक नवीन मुलगा असाच गेला होता बिचारा, पहिली मॅच, आठ वाजता रजिस्ट्रेशन आणि साडेआठला घरी.

आता तू विचारलं नाहीस ते सांगतो. तुला विसावी गोळी हवी कशाला? यूएसपीएसएत सगळ्यात मोठी स्टेज (मॅचमधला एक टप्पा) बत्तीस राउंडची, आणि एका जागेवरून आठपेक्षा जास्त हिट मागायचे नाहीत असा स्टेज बनवणाऱ्याला नियम. वीस अधिक चेंबरची एक, एकवीस. एकोणीस असती तर वीस. दोन्हीत बत्तीसला एक रीलोड लागतोच, आणि तो तू एका जागेवरून दुसरीकडे पळताना करणार, तेव्हा तो जवळजवळ फुकट असतो. विसावी गोळी कामाला येते ती स्टीलचं टार्गेट चुकलं तर, किंवा एखादी स्टेज नेमकी एकवीसवर तुटत असेल तर. येते कामाला, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी शंभरातला एक जॅम पत्करायचा का? मी माझ्या पाचपैकी तीन मॅगमध्ये एकोणीसच भरतो, पट्ट्यावर सगळ्यात पुढे वीसवाली, कारण तीच सुरुवातीला लागते. लोकं मला म्हातारा म्हणतात, म्हणू देत.

जास्त गोळ्याच हव्या असतील तर ९ एमएमला जा, त्याच १४० च्या मॅगमध्ये तीनेक जास्त बसतात. पण लिमिटेडमध्ये मेजरसाठी (जोरदार गोळीचे जास्त गुण) किमान .४० लागते, ९ एमएम म्हणजे मायनर, सी हिटला (ए, सी, डी हे टार्गेटचे भाग, मधून बाहेर) चारऐवजी तीन पॉइंट आणि डी ला दोनऐवजी एक. आधी स्वतःचं टार्गेट बघ किती सी मारतोस, मग ठरव. आणि मोठा बेसपॅड लावून प्रश्न सोडवायचा विचार असेल तर मॅगची एकूण लांबी १४१.२५ एमएमच्या आत पाहिजे, गेजमध्ये नाही बसली तर थेट ओपन गटात टाकतात, आणि तिथे लोकांकडे १७१ वाल्या लांबलचक मॅग आणि कॉम्प (झटका कमी करणारा नळीपुढचा भाग) आणि डॉट (लाल ठिपक्याची दुर्बीण), आपण कुठे त्यांच्यात.

प्रश्न : आम्ही टेक्सासहून न्यू जर्सीला शिफ्ट होतोय, नोकरी बदलली. मिस्टर आणि मी दोघंही कॅरी ऑप्टिक्स (डॉटवाल्या पिस्तुलांचा गट) खेळतो, २३ च्या मॅग आहेत. तिथे १० चीच परवानगी म्हणे. मित्र म्हणाला दहावाल्या ब्लॉक केलेल्या घ्या, आतला रिव्हेट काढला की झालं. खरं का?

उत्तर : वहिनी, मित्राला चहा पाजा पण सल्ला घेऊ नका. न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्यापासून मर्यादा दहाची आहे, आधी पंधरा होती. रिव्हेट काढणं म्हणजे तिथे सरळ गुन्हा, आणि तुमचा व्हिसा की ग्रीन कार्ड काय चालू असेल त्याच्यावर ह्याचा काय परिणाम होईल ह्याचा विचार करा. तेविसवाल्या मॅग टेक्सासमध्येच विका, सामानात "चुकून" सुद्धा जाऊ देऊ नका, आणि ट्रक निघायच्या आधी तिथल्या वकिलाशी अर्धा तास बोला, पिस्तुलांचं पण वेगळं आहे तिथे. मॅगझीनवाल्या कॉलमनं ह्यापुढे बोलू नये.

खेळाचं मात्र सांगू शकतो. दहाच्या राज्यात हिशोब मजेशीर होतो. दहा अधिक एक, मग दहा, मग दहा, झाले एकतीस. स्टेज बत्तीसची! म्हणजे एका गोळीसाठी चौथी मॅग, आणि त्यात एकही चुकायचं नाही असं धरून. त्यामुळे पट्ट्यावर पाच-सहा पाऊच लावा. सुरुवातीला वैताग येईल पण प्रत्येक जागेनंतर रीलोड अशी सवय लागली की डोकं शांत राहतं, गोळ्या मोजाव्याच लागत नाहीत. कॅलिफोर्नियावाले सन २००० पासून हेच करतायत, तिथे नवीन मोठी मॅग विकायला तेव्हापासून बंदी आहे, आणि त्यांचे रीलोड बघा एकदा, आपण लाजावं असे. दहावाल्या मॅगमध्ये पण "भरतात पण बसत नाही" हा घोळ असतोच, वरती लिहिलेली अंगठ्याची टेस्ट त्यांनाही लागू.

प्रश्न : आयपीएससी (याच खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रॉडक्शन गटाला मॅगमध्ये पंधराची लिमिट. माझ्या मॅगमध्ये अठरा बसतात. मोजताना चुकतं, काय करू?

उत्तर : मॅगच्या मागच्या मोजायच्या भोकांवर विसंबू नको, डब्यातून पंधरा-पंधराच्या खाचांचा ट्रे घे आणि त्यातूनच भर, ट्रे रिकामा म्हणजे मॅग भरली. बोलत-बोलत भरू नको. तुझी अडचण म्हणजे श्रीमंताघरची, वरच्या डॅलसवाल्याला सांगू नको.

प्रश्न : नमस्कार सर. पुण्याहून लिहितेय. मुलगी चौदा वर्षांची, बालेवाडीला प्रॅक्टिस, एअर पिस्तूलवरून आता २५ मीटरला .२२ सुरू केलंय, क्लबचं पिस्तूल आहे. मॅगझीनमध्ये पाच भरते, चार उडतात आणि मधलीच एक अडकते, कधी दुसरी कधी तिसरी. कोच म्हणतात भरायला चुकते, ती म्हणते मॅगझीन खराब. घरात रोज भांडण. कोण बरोबर?

उत्तर : ताई, दोघंही असू शकतात पण पैज लावायची तर मी कोचवर लावीन. (मुलीला सांगू नका.) वरच्या सगळ्या प्रश्नातल्या गोळ्या आणि .२२ ह्यात एक मोठा फरक, .२२ च्या बुडाला कड असते, बाहेर आलेली, वाटीच्या काठासारखी. मॅगमध्ये गोळ्या एकावर एक बसतात तेव्हा वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे राहिली की वरची गोळी पुढे सरकताना खालचीच्या कडेत अडकते, ह्याला रिमलॉक म्हणतात. तुमच्याकडे कधी दुसरी कधी तिसरी अडकतेय हीच खूण आहे, मॅग खराब असती तर बहुतेक ठरावीक जागीच अडकली असती.

भरताना घाईत गोळी वरून नुसती दाबली की असं होतं. तिला म्हणावं, फॉलोअरचं बटण अंगठ्यानी थोडंसंच खाली घे, एका गोळीपुरतं, गोळी समोरून लिप्सखाली सरकव आणि पार मागे टेकव, मग पुढची. बटण एकदम तळापर्यंत ओढून पाच गोळ्या आत सोडल्या की त्या आत वाटेल तशा पडतात. पाच भरून झाल्या की बाजूच्या फटीतून बघायचं, गोळ्यांची नाकं एकसारखी जिन्यासारखी दिसतायत का. एखादी वेगळी दिसली की परत काढून भर. आठवडाभर हे करा आणि वहीत लिहा, कुठली मॅग, कितवी गोळी. तरी एकाच मॅगमध्ये होत राहिलं तर मुलगी जिंकली, क्लबला दाखवा, लिप्स बघतील. .२२ च्या गोळीला मेणासारखं वंगण असतं ते आत साचतं, कोरड्या फडक्यानी पुसायचं. आणि लिप्स घरी पक्कडीनी वाकवायच्या नाहीत, क्लबचं सामान आहे.

ह्यात तिचं नुकसान काय ते पण तिला समजवा. २५ मीटरच्या रॅपिडमध्ये (झटपट शॉटच्या टप्प्यात) टार्गेट तीन सेकंदच समोर असतं, मग सात सेकंद गायब, असे पाच. पाच गोळ्या, पाच संधी. ह्याच इव्हेंटमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतनी २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये गोल्ड मारलं. त्या तीन सेकंदात अडकलेली गोळी मोकळी करत बसायला वेळच नाही. आपल्या यूएसपीएसएसारखं निर्दयी नाही तिथे, पिस्तुलाचा खरा बिघाड असेल तर अधिकारी बघून परत मारायला देतात, पण भरायलाच विसरलात असल्या चुकांना माफी नाही. अडकलं की पिस्तूल तसंच टार्गेटकडे धरून दुसरा हात वर करायचा, स्वतः खाडखुड करायची नाही, हे आत्तापासून अंगात भिनू दे.

तुम्ही खाली विचारलंय की अमेरिकेतल्यासारखं ते धावपळीचं शूटिंग तिला पुढे पुण्यात करता येईल का. अवघड आहे, ९ एमएम भारतात प्रोहिबिटेड बोअर, सामान्य लायसनवर मिळत नाही. .२२ पाचच गोळ्यांचं आहे पण त्या पाच गोळ्यांवर ऑलिंपिक आहे. भांडणाचा निकाल काय लागला ते मात्र कळवा, पुढच्या अंकात छापतो, नाव न देता.